पेठेतल्या एका खोलीत मागाचं संग्रहालय कसं उभारावं: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीनं

सोलापूरच्या पूर्व भागातलं, म्हणजे विणकरांच्या वस्तीतलं, एखादं मागाचं शेड विकलं जातं तेव्हा लोखंड किलोवर जातं, मोटारीचा भाव वेगळा ठरतो, आणि उरलेलं लाकूड म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणारे धोटे, फण्यांच्या चौकटी, रहाटाची चाकं शेजारच्यांच्या बंबात जातं. नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्राची भोकं पाडलेली कार्डं रद्दीवाला नेतो. दोन दिवसांत शेड मोकळं होतं. सोलापुरात हे इतक्या वेळा झालंय की आता कुणी थांबून बघतही नाही.

मी ज्या वाचनालयाशी जोडलेलो आहे, तिथं आम्ही अशाच एका मोडीत निघालेल्या शेडमधून पंधरा-वीस वस्तू उचलून आणल्या आणि मागच्या खोलीत मांडल्या. पहिली दोन वर्षं आम्ही बरंच चुकलो. त्या चुका दुसऱ्या कुणी पुन्हा करू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. एखादं वाचनालय, तरुण मंडळ, शाळा, ज्ञातिसंस्था किंवा घरात दोन जुने माग असलेलं एखादं विणकर कुटुंब, कुणालाही हे जमण्यासारखं आहे. मोठी इमारत लागत नाही. एक कोरडी खोली, तीन-चार चिकाटीची माणसं आणि एक जाड नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते.

आधी माणसं, मग वस्तू

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि सगळेजण ती शेवटी करतात. आम्हीही तेच केलं. धोटा उचलून आणला, फडताळात ठेवला, खाली ‘धोटा’ असं लिहिलं. वर्षभरानं एक वयस्कर विणकर आले, धोटा हातात घेतला, टोकाचं लोखंड अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, ‘‘हा हातमागाचा नव्हे, पॉवरलूमचा. आणि ह्याच्या बाजूला ठेवलंय ते ह्याचं नव्हेच.’’ मग अर्धा तास ते बोलत राहिले आणि आमच्यापैकी कुणाकडेही त्या वेळी रेकॉर्डर चालू नव्हता. सहा महिन्यांनी ते विणकर अण्णा गेले. धोटा आमच्याकडे आहे, तो अर्धा तास नाही.

लोखंड गंजून संपायला बरीच वर्षं लागतात. ज्याला त्या लोखंडाचं नाव, काम आणि आवाज ठाऊक आहे तो माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणून खोली मिळण्याआधी, संस्था नोंदवण्याआधी, आवाज नोंदवायला सुरुवात करा.

त्यासाठी साधा स्मार्टफोन आणि कॉलरला लावायचा स्वस्त माइक पुरतो. पंखा बंद करा. माग चालू असलेल्या शेडमध्ये मुलाखत घेऊ नका. तिथं फक्त मागाचा आवाज वेगळा टिपून घ्या, कारण काही वर्षांनी तोही ऐकायला मिळणार नाही. आयुष्यभर खटखटाटात काम केलेल्यांना बऱ्याचदा कमी ऐकू येतं, तेव्हा समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला. सुरुवातीलाच रेकॉर्डिंग कशासाठी आहे ते सांगून नाव, वय, तारीख आणि संमती त्यांच्याच आवाजात घ्या. कागदावरची सही नंतर घेता येते.

‘तुमच्या आठवणी सांगा’ असं म्हटलं की माणूस गप्प होतो किंवा भाषण करतो. त्यापेक्षा हाताशी असलेलं विचारा. पहिल्या दिवशी मागावर कुणी बसवलं? दोरा तुटला की काय करायचात? पगार कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून? गिरणीचा भोंगा झाला की घरातलं कोण काय करायचं? जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, खटका उडाला तर कुणाकडे जायचं? गिरणी बंद झाली त्या दिवशी तुम्ही कुठं होता? वस्तू त्यांच्या हातात द्या आणि थांबा. हातच बोलायला लागतो.

बायकांच्या मुलाखती वेगळ्या ठेवा, घरातले पुरुष शेजारी नसताना. कांड्या (धोट्यात बसणाऱ्या दोऱ्याच्या नळ्या) भरणं, चादरीच्या कडा शिवणं, टॉवेलच्या घड्या घालणं ही कामं बहुतेक घरांत बायकांनीच केली, पण पुरुष सांगायला बसला की ती त्याच्या गोष्टीतून गळतात. बीडी कामगार बायकांचा इतिहास तर जवळपास सगळा त्यांच्याच तोंडी आहे. कुंभारीजवळ बीडी कामगारांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली त्यांच्या हाती आली. त्या घरांसाठी किती वर्षं मोर्चे काढले, हे तिथल्या कुठल्याही ओट्यावर बसलेली अक्का तुम्हाला सांगेल.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरात किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. फोनमध्ये ठेवलेलं रेकॉर्डिंग ठेवलं असं धरू नका.

एका वस्तूची चार नावं

सोलापूरचा माग एका भाषेत मावत नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर घरांत मागाला मग्गम म्हणतात, धोट्याला नाडे, ताण्याला (उभ्या दोऱ्यांना) पडुगु आणि बाण्याला (आडव्या दोऱ्याला) पेक. कन्नड बोलणाऱ्या घरात तोच मग्ग होतो, धोट्याची लाळी होते, आणि ताणा-बाण्याचं हासु-होक्कु. मोमीन विणकरांचे शब्द आणखी वेगळे. गिरणीत गेलं की वर्कशॉपमधल्या इंग्रजीचे झिजलेले शब्द भेटतात: बीम, डॉबी, जकार्ड, सायझिंग, वाइंडिंग.

म्हणून नोंदवहीत वस्तूच्या नावासाठी एकच रकाना ठेवू नका, चार ठेवा. देणाऱ्यानं जो शब्द उच्चारला तो जसाच्या तसा देवनागरीत लिहा आणि त्या माणसाचं गाव किंवा पेठ शेजारी नोंदवा. ‘शुद्ध’ शब्द शोधण्याच्या भरीला पडू नका. हे एवढं काम नीट केलंत, तर वस्तू फार नसल्या तरी तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे दुसऱ्या कुठल्या मोठ्या संग्रहालयात सापडणार नाही.

काय घ्यायचं नाही हे आधी ठरवा

लोकांना कळलं की तुम्ही जुन्या वस्तू घेता, की पितळी हंडे, ग्रामोफोन, नाणी, दगडी जाती, सगळं येऊ लागतं. दोन ओळींत स्वतःची हद्द लिहून भिंतीवर लावा. आमची अशी आहे: ‘सोलापूर शहरातलं कापडाचं आणि बीडीचं काम, आणि ते करणाऱ्यांचं घर, सण, संघटना.’ यात न बसणारी वस्तू कितीही सुंदर असली तरी आम्ही नम्रपणे परत करतो.

हद्द आखताना तालुक्यांनाही त्यांचा वाटा सोडा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं उभारलेली ७६२ मिलिमीटर रुंदीची ती छोटी गाडी. तिची आठवण बार्शी-कुर्डुवाडीच्या लोकांनी आपल्या गावात जपावी, ती सोलापुरात आणून बसवण्यात अर्थ नाही. माळशिरस-अकलूजकडच्या साखरेचंही तेच.

शहराच्या गोष्टीचा कणा मात्र डोक्यात पक्का असू द्या. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी गिरणी’. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. गिरण्यांबरोबर आणि त्यांच्या आधीपासूनही घरोघरी हातमाग होते, पुढे त्यांच्या जागी यंत्रमाग आले, आणि सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल हे देशभर गेले. दोन्हींना आज भौगोलिक मानांकन आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर हेच गिरणगाव उसळलं, गोळीबार झाला, १२ मेपासून मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. तुमच्या खोलीतली प्रत्येक वस्तू या धाग्यात कुठंतरी ओवली जाते.

एक अवघड धागाही आहे. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात कोंडलेल्या लोकांची सोलापुरात मोठी वसाहत होती आणि तिथली माणसं गिरण्यांत राबली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, भागाचं ‘सेटलमेंट’ हे नाव राहिलं. गिरण्यांचा इतिहास सांगताना हे गाळणं चुकीचं आहे. पण त्या वस्तीतल्या लोकांशी बोलल्याशिवाय, मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय एक ओळही भिंतीवर लावू नका. त्यांनी एखादा शब्द बदला म्हटलं तर तो बदला.

दोन-तीन जागा पाहून या

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आज शासनाचं आहे, पण त्याची सुरुवात तेरच्याच एका माणसानं वर्षानुवर्षं जमवलेल्या वस्तूंतून झाली. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघा. एकाच प्रकारच्या वस्तू शेकड्यांनी मांडल्या की पाहणाऱ्याचं काय होतं ते तिथं कळतं. आणि शहरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला, १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेला डॉक्टर. एका घराला एका माणसाची गोष्ट कशी पुरते, हे शिकायला ती जागा चांगली. जाताना वही न्या. वस्तूंपेक्षा मजकूर किती मोठ्या अक्षरात आहे, उजेड कुठून येतो, लोक कुठं थांबतात आणि कुठून न बघता पुढे जातात, हे टिपा.

संस्था आणि कागद

नवी संस्था काढण्याची घाई नको. वाचनालय किंवा मंडळ आधीच नोंदलेलं असेल तर त्याच्या घटनेत संग्रहालयाचा उद्देश बसतो का ते बघा, नसेल तर दुरुस्ती करून घ्या. नवी काढायचीच असेल तर किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. हिशेब दरवर्षी तपासून घ्या. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे, पण तिथं अर्ज करायला मागची काही वर्षं स्वच्छ दाखवावी लागतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून पावत्या जपा.

कायद्याच्या तीन गोष्टी लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित हे पुरावशेष ठरतात. त्यातल्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. साध्या मागाच्या सुट्या भागांना ती कटकट नाही, पण कुणी जुनी मूर्ती आणून दिली तर तिथंच थांबा. जमिनीत सापडलेली वस्तू असेल तर १८७८ च्या कायद्याखाली ती आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. आणि तलवार-बंदूक परवान्याशिवाय दारात घेऊ नका.

दानपत्राशिवाय काहीही आत घेऊ नका, सख्ख्या मित्राकडूनही. एका पानाचं पुरतं:

*‘मी, (नाव, पत्ता), माझ्या मालकीची पुढील वस्तू (वर्णन, संख्या) या संग्रहालयास कायमची व विनामोबदला देत आहे. ही वस्तू जतन करण्याचा, मांडण्याचा, तिचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याचा, आणि आवश्यक वाटल्यास दुसऱ्या संग्रहालयास देण्याचा अधिकार संग्रहालयास राहील. या वस्तूवर अन्य कोणाचा हक्क नाही.’*

खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. ‘अन्य कोणाचा हक्क नाही’ हे वाक्य कधीही गाळू नका. थोरल्या भावानं दिलेला वडिलांचा माग धाकटा भाऊ मागायला येतो, आणि भांडण त्यांचं असलं तरी ते आपल्या दारात होतं. ‘असू द्या तुमच्याकडे, लागला तर नेईन’ अशी उसनवार घेऊ नका. घ्यावीच लागली तर परतीची तारीख लिहा, एक वर्षाहून लांबची नको.

आकडा दिल्याशिवाय वस्तू खाली ठेवायची नाही

वस्तू दारातून आली की तिला त्याच दिवशी क्रमांक द्या. पद्धत सोपी: वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्या दानातली कितवी वस्तू. २०२५.७.३ म्हणजे २०२५ साली आलेल्या सातव्या दानातली तिसरी वस्तू. हा क्रमांक पुन्हा कधीच दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, पहिली हरवली तरी.

नोंदवही बांधीव हवी, पानं छापील क्रमांकाची, शाई पक्की. संगणकावरचा तक्ता सोबत ठेवा, पण मूळ वहीच. रकाने: क्रमांक, तारीख, देणारा, चार भाषांतली नावं, लांबी-रुंदी-उंची, कशाची बनलेली, अवस्था, आणि सगळ्यात मोठा रकाना ‘वापराची हकिगत’. कुठल्या पेठेतल्या कुठल्या शेडमध्ये, कुणी, कोणत्या काळात वापरली. हा रकाना कोरा राहणार असेल तर वस्तू घ्यायची की नाही याचा पुन्हा विचार करा.

क्रमांक वस्तूवर कसा घालायचा यातही चुका होतात. चिकटपट्टी, स्टिकर, मार्कर पेन, स्टेपल काहीही चालणार नाही. चिकटपट्टी उन्हाळ्यात वितळते आणि डाग कायमचा राहतो. लाकूड आणि लोखंडाला सुती दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधा. कापडाला पांढऱ्या सुती फितीच्या तुकड्यावर पक्क्या शाईनं क्रमांक लिहून, शाई वाळल्यावर, कडेला दोन-चार सैल टाके घाला.

जकार्डची कार्डं

इथं जरा थांबतो, कारण सोलापुरातली सगळ्यात लवकर नष्ट होणारी आणि सगळ्यात कमी समजली गेलेली वस्तू हीच आहे. चादरीवरचं नक्षीकाम या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत लिहिलेलं असतं. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक दोरा. कार्डाला जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचे ठरावीक दोरे उठतात. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि दोरे खाली राहतात. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना ओवून माळ करतात, आणि माळ फिरत राहते तसं डिझाईन उमटत जातं. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोन खुणांतून चित्र तयार होतं, हे शाळेच्या मुलांना सांगितलं की संगणकाशी त्याचं नातं ती स्वतःच ओळखतात. आता नव्या मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहे, म्हणून जुन्या माळा रद्दीत निघतात.

माळ मिळाली तर दोरी कापू नका. रद्दीवाल्याकडून सुटी कार्डं आली तर आहे त्या क्रमानंच ठेवा, कारण क्रम गेला की डिझाईन गेलं. प्रत्येक कार्डाचा, शक्यतो मागं काळा कागद धरून, सपाट फोटो काढा आणि फोटोला क्रमानं नाव द्या. त्या डिझाईनची विणलेली चादर आणि आलेख-कागदावर रंगवलेला मूळ नमुना मिळवण्यासाठी मात्र जिवापाड धडपडा. तिन्ही एकत्र असतील तर ते एक संपूर्ण दान होतं. डिझाईन काढणारे कलाकार अजून शहरात आहेत, त्यांच्या घरी असे आलेख-कागद पलंगाखाली गुंडाळून पडलेले असतात.

कापड, कागद, लाकूड, तंबाखू

आम्ही पहिली जुनी चादर खिळे ठोकून पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली होती. वर्षभरात तिची एक बाजू फिकी पडली आणि खिळ्यांभोवती कापड फाटलं. ते नुकसान भरून निघणार नाही. तेव्हापासून नियम: कापडावर थेट ऊन कधीही नाही, उजेड ५० लक्सच्या आसपास (फोनवर मोजायची अ‍ॅप्स मिळतात, अंदाजापुरती ठीक), आणि तीन-चार महिन्यांनी मांडलेलं कापड काढून दुसरं लावायचं.

साठवताना चादरीची घडी घालू नका, घडीवरच धागे तुटतात. गुंडाळून ठेवा. गुंडाळायला पुठ्ठ्याच्या नळ्या सोलापुरात कापडाच्या कुठल्याही कारखान्यात मिळतात. नळीवर आधी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर खळ काढून धुतलेला मांजरपाट, मग चादर, मग वरून पुन्हा मांजरपाट. खळ नीट काढा, कारण किडीला खळ आवडते. जुनं कापड धुऊ नका, इस्त्री करू नका. धूळ काढायची तर व्हॅक्युमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून, कमी जोरावर.

कसर लागलेलं कापड आलं तर ते आधी बाकीच्यांपासून दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप-फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याला विचारलं तर जागा मिळते. घरच्या फ्रीजचा फ्रीझर असेल तर दोन आठवडे धरा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर कापडाला पाणी सुटतं. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका आणि त्या कापडाला टेकवून तर ठेवूच नका.

कागद म्हणजे हजेरी कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, तेलुगू नाटकांच्या जाहिराती. पिना आणि स्टेपल हळू काढा. लॅमिनेशन करू नका. ते कागदाला कायमचं गाडून टाकतं. कागद ३०० डीपीआयला, फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फाइलला वस्तूचाच क्रमांक द्या. हयात माणसांचे खाते क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक लोकांना दाखवायच्या प्रतीवर झाका.

लाकडी मागाला ऑइल पेंट लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. विणकराच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा हीच त्या मागाची सगळ्यात मोलाची जागा, रंगाखाली ती नाहीशी होते. कोरड्या ब्रशनं धूळ काढा, वाळवीसाठी मागाचे पाय जमिनीपासून उचलून ठेवा, बस्स. लोखंडावरचा सैल गंज ब्रशनं काढून शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. पितळ घासून चकचकीत करू नका.

बीडीच्या वस्तूंमध्ये पत्ता कापायचा पत्र्याचा फर्मा, कातर, सूप, दोरा हे सगळं सोपं. तंबाखू आणि तेंदूपत्ता मात्र झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत, कापडापासून दूर. तंबाखूला लागणारा छोटा तपकिरी किडा इतर वस्तूंकडेही वळतो. मजुरी हजार बीड्यांवर मोजली जाते, म्हणून एका सुपात हजार बीड्या मांडून ठेवा. पाहणाऱ्याला ‘हजार’ म्हणजे किती, हे डोळ्यांनी कळू द्या. खऱ्या तंबाखूच्या नकोत. रिकाम्या वळायला शेजारची एखादी मावशी आनंदानं तयार होईल, तिचे पैसे मात्र द्या.

खोली

पैसे थोडे असतील तर आधी छतावर घाला, मग साठवणीवर, काचेच्या कपाटांवर शेवटी. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त, लाकूड तडकतं. पत्र्याला वरून पांढरा रंग, आतून छत, खिडक्यांना जाड पडदे. जड यंत्रमाग तळमजल्यावरच. चालवून दाखवायचा असेल तर अनुभवी माणूस, वेगळा वीजजोड आणि समोर मजबूत जाळी हवीच. सुटलेला धोटा डोळा घालवू शकतो. आम्ही यंत्रमाग बंद ठेवतो आणि हातमागावर मुलांना चार दोरे विणू देतो. त्यातून त्यांना जास्त कळतं.

पाटी कशी लिहावी

बहुतेक ठिकाणी पाटी अशी असते: ‘धोटा. लाकूड व लोखंड. विसावे शतक.’ वाचणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. तीच पाटी अशी लिहून पाहा:

*‘धोटा (तेलुगू: नाडे, कन्नड: लाळी). याच्या पोटात बाण्याची कांडी बसते आणि तो ताण्याच्या दोन थरांमधून इकडून तिकडे जातो. डाव्या कडेचा खोलगटपणा बघा. तो कोरलेला नाही, एकाच अंगठ्यानं वर्षानुवर्षं धरल्यामुळे झालेला आहे.’*

तीस-चाळीस शब्द, मोठं अक्षर, पाहणाऱ्याची नजर कुठं न्यायची ते सांगणारी एक ओळ. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू लिपीतही वस्तूचं नाव तरी द्या. तेलुगू वाचता येणारी आजी नातवाला पाटी वाचून दाखवते तेव्हा ती पाहुणी राहत नाही. लावण्याआधी प्रत्येक पाटी त्या कामातल्या दोन माणसांना वाचून दाखवा. आमच्या निम्म्या पाट्या अशाच बदलल्या.

वर्षाचं वेळापत्रक

संग्रहालय रोज उघडं ठेवायचं वचन देऊ नका, मोडतं. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, संध्याकाळचे तीन तास, एवढं पाळलं तरी लोक येतात. बाकी वर्ष सोलापूरच्या सणांवर बांधा.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि १२ जानेवारीला हुतात्मा दिन. त्या आठवड्यात बाहेरगावचे सोलापूरकर घरी आलेले असतात, तेव्हा संग्रहालय रोज उघडं ठेवा आणि १९३० वर वेगळी मांडणी करा. होळी झाली की पडदे आणि छत तपासा. मृग लागण्याआधी पन्हाळी साफ, खालच्या फळ्या रिकाम्या. पावसाळ्यात दर आठवड्याला कपाटं उघडून कसर-वाळवी बघा, आणि जे बघितलं ते तारखेसह लिहा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ पूर्व भागातून निघतो, त्या दिवशी दारात टेबल टाकून जुने फोटो स्कॅन करून द्या, मूळ फोटो लगेच परत. एका दिवसात वर्षभराचा ऐवज जमतो.

खंडेनवमीला मागाची पूजा होणारच आणि व्हायलाच हवी. फक्त हळदकुंकू, तेल, ओलं फूल वस्तूला लागू देऊ नका. मागासमोर पाटावर ताम्हण ठेवून त्यात वाहा, निरांजन हातभर लांब. पूजा त्या दिवशी आलेल्या सगळ्यात वयस्कर विणकराच्या हातून करा. आणि रेकॉर्डर आधीच चालू करून ठेवा.